बाळाच्या खरेदीची यादी: काय आधी घ्यायचं, कशासाठी थांबायचं आणि काय घ्यायचंच नाही

बाळ येणार म्हटलं की सगळीकडून याद्या यायला लागतात. दुकानात छापील यादी मिळते, नात्यातलं कुणीतरी स्वतःची यादी पाठवतं, मोबाइल उघडला की जाहिराती दिसतात. पण तान्ह्या बाळाची पहिल्या तीन महिन्यांतली कामं मोजली तर ती मोजकीच आहेत: झोप, दूध, शी-शू, अंगावरचे कपडे, स्वच्छता, आणि गाडीतून न्यायचं असेल तर प्रवास. या कामांपुरत्या वस्तू बाळ घरी येण्याआधी तयार हव्यात. बाकीच्या बाळाचं वजन, त्याची तऱ्हा आणि तुमच्या घरातली कामाची पद्धत कळल्यावर घ्या. तेव्हा घेतलेल्या वस्तू खरंच वापरल्या जातात. घाईत घेतलेल्यांतल्या बऱ्याच वेष्टनातच राहतात.

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचं मानतात, त्यामुळे ही पहिली खरेदी ३६व्या आठवड्यापर्यंत उरकलेली बरी.

## १. प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारा

पहिला, ही वस्तू कोणतं काम करते आणि ते काम घरातली एखादी वस्तू करते का? लंगोट बदलायचं खास टेबल हे याचं सोपं उदाहरण. जमिनीवर चटई, तिच्यावर पाणी न झिरपणारं कापड आणि वर एक धुतलेलं दुपटं, एवढ्यात तेच काम होतं. शिवाय बाळ उंचावरून पडायची भीती नाही.

दुसरा, ती कितव्या आठवड्यापासून कितव्या आठवड्यापर्यंत लागेल? छोटा बॅसिनेट (तान्ह्या बाळाची छोटी पाळण्यासारखी खाट) चार-पाच महिन्यांत संपतो, कॉट (गजांची मोठी खाट) दोन-तीन वर्षं पुरते.

तिसरा, बाळाला ती पटलीच नाही तर काय? झुलती खुर्ची, चोखणी, कॅरियर (बाळाला अंगाशी बांधून न्यायची झोळी) यांचं आधी काहीच सांगता येत नाही. अशा वस्तू एकच घ्या, परत करता येतील अशा घ्या, किंवा आधी कुणाकडून आणून वापरून बघा.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ही वस्तू खराब निघाली किंवा चुकीची वापरली गेली तर बाळाला इजा होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तिथे काटकसर करू नका, सुरक्षा मानकाचा शिक्का बघा. उत्तर ‘नाही’ असेल तर जुनं, उसनं, साधं सगळं चालतं.

वेष्टनावरच्या शब्दांवर निर्णय घेऊ नका. ‘नैसर्गिक’, ‘सौम्य’, ‘जन्मापासून वापरता येईल’ हे विक्रीचे शब्द आहेत. ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दाला तर अमेरिकेतसुद्धा कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही, कोणीही तो छापू शकतं. बघायचं ते वजनाची मर्यादा, घटकांची यादी, मानक क्रमांक आणि उत्पादनाची तारीख.

## २. हाताशी ठेवायची साधनं आणि कागद

- मोजपट्टी: कॉटच्या गजांमधलं अंतर आणि गादीची फट मोजायला.
- टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी: तिच्यातून आरपार जाणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते.
- एक साधी वही: दूध, ओले लंगोट, वजन.
- एक पाकीट: पावत्या, हमीपत्रं, वापराच्या पुस्तिका, आणि मोठ्या वस्तूंच्या खालच्या चिठ्ठीचा फोटो. त्या चिठ्ठीवर मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. कंपनीने दोषामुळे एखादा माल परत मागवला तर तुमच्याकडचा नग त्यात आहे का, हे त्याच क्रमांकावरून कळतं. नोंदणीचं कार्ड आलं असेल तर त्याच दिवशी भरून पाठवा.

## ३. झोपायची जागा

नव्या आईबाबांची सर्वात जास्त दिशाभूल याच वस्तूंत होते. दुकानातली बाळाची सुंदर गादी उशा, मऊ रजया, कडेच्या गाद्या आणि खेळण्यांनी सजलेली असते. बाळाला प्रत्यक्षात यातलं काहीही नको. हवी फक्त कडक सपाट गादी, तिच्यावर घट्ट बसणारी चादर आणि त्यावर पाठीवर झोपवलेलं बाळ.

पाठीवरच का? १९९२मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आलं. ‘पाठीवर झोपलं आणि दूध वर आलं तर गुदमरेल’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटून आलेल्या दुधाला तिच्यात शिरायला वर चढावं लागतं. पालथं झोपवलं की हे उलटं होतं.

कॉट घेताना तपासायचं ते असं:

- दोन गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बाळाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं.
- गादी आणि कडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको.
- गादी हाताने दाबून सोडली की लगेच मूळ जागी यायला हवी. हाताचा ठसा राहत असेल तर ती बाळासाठी मऊ आहे.
- कोपऱ्याचे खांब वर आलेले नकोत, त्यात कपडा अडकतो.
- एक बाजू खाली सरकणारी जुनी कॉट नको. बिजागरं आणि खिट्ट्या सैल होऊन बाळं फटीत अडकायची, म्हणून अमेरिकेत २०११पासून अशा कॉटची विक्री बंद झाली.

सोबत घट्ट बसणाऱ्या तीन चादरी आणि पाणी न झिरपणारी दोन आच्छादनं घ्या. रात्री एक ओली झाली, बदललेलीही ओली झाली, तरी तिसरी असते. बाळ बसायला लागलं की गादी खालच्या खाचेत उतरवा, उभं राहायला लागलं की सगळ्यात खाली.

बॅसिनेट घ्यायचा की थेट कॉट? तुमच्या पलंगाशेजारी कॉट मावत असेल तर थेट कॉट घ्या. किमान पहिले सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. खोली लहान असेल किंवा प्रसूतीनंतर उठणं-वाकणं अवघड जाणार असेल, तर बॅसिनेटचे ते चार महिने सोयीचे जातात. बाळ कुशीवर वळायला लागलं किंवा वजनाची मर्यादा आली की तो बंद.

कडेच्या गाद्या, बाळाला एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या उशा आणि तिरक्या झोपण्याच्या गाद्या घेऊ नका. १० अंशांपेक्षा जास्त उतार असला की बाळाची हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट दबते. अमेरिकेने २०२२मध्ये कायदा करून अशा तिरक्या गाद्या आणि कडेच्या गाद्या या दोन्हींवर बंदी आणली. झुलत्या खुर्चीत, गाडीच्या सीटमध्ये किंवा कडा उंच असलेल्या मऊ लोडावर बाळाला डोळा लागला तर उचलून सपाट जागी ठेवा.

पांघरुणाऐवजी झोपेची पिशवी, म्हणजे बिनबाह्यांचा अंगावर घालायचा पोता, घ्यायची असेल तर गळ्याच्या मापाची घ्या. गळा मोठा असेल तर बाळ आत घसरतं. वजन भरलेल्या पिशव्या किंवा दुपटी अजिबात नकोत. बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते थंडच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तुम्हाला त्या खोलीत जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर जास्त, एवढं बाळाला बस. घरात झोपताना टोपडं नको.

गुंडाळण्यासाठी पातळ सुती मलमलीची चार चौकोनी दुपटी घ्या, साधारण एक मीटर लांबी-रुंदीची. गुंडाळताना छातीशी आटोपशीर आणि कमरेखाली सैल ठेवा, पाय दुमडून बाजूला पसरता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. बाळ वळायचा प्रयत्न करायला लागलं त्या दिवसापासून गुंडाळणं थांबवा. मग हीच दुपटी खांद्यावर टाकायला, पुसायला, अंथरायला चालतात. अशी अनेक कामांची वस्तू पहिल्या यादीत जास्तच घ्यावी.

श्वास आणि ऑक्सिजन मोजणारे मोजे किंवा पट्टे महाग असतात आणि नेमके भीतीवर विकले जातात. ते अचानक बालमृत्यू टाळतात असं सिद्ध झालेलं नाही, खोटे इशारे मात्र देतात. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणासाठी सांगितलं तरच घ्या. कॅमेरा लावलात तर त्याची वायर कॉटपासून किमान एक मीटर दूर ठेवा.

## ४. लंगोट आणि डायपर

पहिले काही आठवडे दिवसाला ८ ते १२ बदलावे लागतात. म्हणून लोक सगळ्यात लहान मापाचे ढीगभर घेऊन ठेवतात, आणि तिथेच फसतात.

हिशोब करून बघा. लहान माप साधारण ४ ते ५ किलोपर्यंत चालतं. बाळाचं वजन पहिल्या दिवसांत थोडं घटतं, दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर परत येतं, आणि मग रोज २० ते ३० ग्रॅमने वाढतं. ३ किलोचं बाळ ४ किलोला पोहोचायला साधारण सात ते नऊ आठवडे लागतात. जन्मतःच ३.८ किलोचं असेल तर तेच माप तीन-चार आठवड्यांत संपतं. म्हणून जन्माआधी लहान मापाचं एकच पाकीट आणि पुढच्या मापाचं एक घ्या. ब्रँड त्वचेला चालतो हे आठवडाभर दिसलं की मगच मोठा गठ्ठा मागवा.

माप बदलायची वेळ वजनापेक्षा गळतीवरून आधी कळते. शी पाठीकडून वर येते, मांड्यांवर लाल वळ उठतात, किंवा कमरेपाशी दोन बोटं जात नाहीत, यातलं काहीही दिसलं तर पुढचं माप घ्या. मांडीजवळची झालर आत दुमडलेली राहिली तर नवा डायपरही गळतो. घातल्यावर बोट फिरवून ती बाहेर काढा. नाळेचा तुकडा गळेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, डायपरची पुढची कड खाली दुमडा.

कापडी लंगोट वापरायचे असतील आणि एक दिवसाआड धुणार असाल, तर २० ते २४ आतले लंगोट आणि ६ बाहेरची आवरणं पुरतात. आधी पाच-सहाच घेऊन बघा. कापड मऊ करणारं द्रव्य धुण्यात घालू नका, त्याने पाणी शोषलं जात नाही. झिंक ऑक्साइडचं मलम लावत असाल तर मध्ये पातळ कापड ठेवा, नाहीतर मलमाचा थर लंगोटात बसतो.

पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट होत असतील तर दूध पुरतंय असं समजायला हरकत नाही. वहीतली ही नोंद कुठल्याही ॲपपेक्षा उपयोगी पडते. डायपर कमी ओले होत असतील तर डॉक्टरांशी बोला.

पुसायला कापूस आणि कोमट पाणी पुरतं. ओले टिश्यू बाहेर जाताना सोयीचे, तेही बिनवासाचे. सुगंधी कॅसेटची खास डायपर बादली नको, घट्ट झाकणाची साधी बादली रोज रिकामी केली की झालं. पुरळ नसताना मलमाची गरज नाही. पुरळ दोन-तीन दिवसांत ओसरलं नाही, किंवा मांडीच्या घडीत गडद लाल होऊन भोवती बारीक ठिपके आले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. मग मलमं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

## ५. कपडे

किती घ्यायचे हे ठरवायला एकच गणित लागतं: दिवसात किती वेळा बदलावे लागतात, गुणिले धुऊन वाळायला किती दिवस लागतात, आणि वर दोन. दिवसाला तीन-चार बदल आणि दोन दिवसांत कपडे परत हातात येत असतील तर आठ ते दहा झबली किंवा बॉडीसूट. खालचे चार-पाच, मोजे दोन-तीन जोड, बाहेर जायला एक टोपडं, गरज असेल तर एक उबदार कपडा.

‘तीन ते सहा महिने’ असं लिहिलेलं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं निघतं. सेंटीमीटर किंवा किलो बघा. युरोपीय पद्धतीत मापाचा आकडा म्हणजे बाळाची लांबी: ५०, ५६, ६२, ६८ असं सहा-सहाने वाढत जातं. जन्मतः बाळ साधारण ५० सेंटीमीटर असतं आणि वर्षभरात साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, म्हणजे पाच-सहा मापं एका वर्षात संपतात. ५० मापाचे दोनच घ्या, ५६चे जास्त.

खांद्यावर दुमड असलेला गळा निवडा. शी पाठीपर्यंत गेली तर असा कपडा डोक्यावरून न काढता खांद्यावरून खाली ओढून काढता येतो. रात्रीसाठी खालून उघडणारी चेन, बटणांची रांग नको. गळ्याशी किंवा टोपीला नाडी असलेला कपडा घेऊ नका. मोजे घालण्याआधी उलटे करून आतले सुटे धागे कापा. धागा किंवा केस बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. कारण कळत नसलेल्या रडण्यात एकदा पायाची बोटं बघायची सवय ठेवा.

नवे कपडे एकदा धुऊन मगच घाला. बाळासाठी वेगळी साबण पावडर लागत नाही, बिनवासाची असावी आणि नीट खळबळलेली असावी. बूट बाहेर चालायला लागेपर्यंत नकोत.

## ६. दूध पाजण्याचं सामान

फक्त अंगावर पाजणार असाल तर या विभागात जवळजवळ काहीच लागत नाही. खांद्यावर टाकायची दुपटी आधीच आहेत. आईला दोन-तीन मोकळ्या, तारेशिवायच्या ब्रा लागतात. पाजताना हाताखाली घ्यायची खास उशी घरातल्या उशांनी जमत नसेल तरच घ्या.

ब्रेस्ट पंप जन्माआधी घेऊ नका. तो लागेल का, आणि कसला, हे आईच्या कामावर जाण्यावर आणि बाळाच्या ओढण्यावर ठरतं. अधूनमधून एखाद्या वेळेसाठी हाताचा पंप पुरतो, रोज कामाच्या ठिकाणी काढायचं असेल तर दोन्ही बाजूंचा विजेवरचा. स्तनाग्रावर बसणाऱ्या फनेलचं माप बघा. काळसर भाग आत ओढला जात असेल तर फनेल मोठा, स्तनाग्र कडांना घासत असेल तर लहान. दुसऱ्याचा वापरलेला पंप घेताना दूध मोटरपर्यंत जाऊ शकतं का हे तपासा. जाऊ शकत असेल तर नुसत्या नळ्या बदलून तो स्वच्छ होत नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस आणि डीप फ्रीझरमध्ये साधारण ६ महिने चांगलं राहतं. ६० ते १२० मिलिलिटरचे लहान भाग करून ठेवा.

वरचं दूध देणार असाल तर बाटल्या लागतात. दिवसाला आठ वेळा पाजणं आणि एकदाच निर्जंतुक करणं धरलं तर आठ, दोनदा करत असाल तर चार. सुरुवातीला एका प्रकारच्या दोनच घ्या, सर्वात सावकाश वाहणाऱ्या बोंडाच्या. काच किंवा पॉलिप्रोपिलीन चालतं. बीपीए हे रसायन असलेल्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या बाटल्या युरोपात २०११पासून आणि अमेरिकेत २०१२पासून बंद आहेत, पण जुन्या बाटल्या कुठून तरी पुढे येतात, त्या घेऊ नका. ‘पोटदुखी टाळणारी’ बाटली घेण्याआधी बाळाला थोडं उभं धरून, मध्ये थांबत पाजून बघा. बहुतेक फरक त्यानेच पडतो.

पावडर करताना किमान ७० अंशांचं पाणी वापरा. पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यातले जिवाणू कमी तापमानात मरत नाहीत. आधी पाणी मोजा, मग त्याच डब्यातल्या चमच्याने पावडर. मग बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करा. पिऊन उरलेलं एका तासाने टाकून द्या. निर्जंतुक करायला भांड्यात उकळणं पुरतं, पाच ते दहा मिनिटं, सगळे भाग बुडलेले हवेत. बाटली गरम करायचं यंत्रही नको, गरम पाण्याच्या वाटीत ठेवली की होतं. मायक्रोवेव्ह मात्र कधीच नाही. दूध जागोजागी उकळतं गरम होतं आणि बाहेरून बाटली कोमटच लागते.

एक सापळा लक्षात ठेवा. पहिल्याच दिवसांत हातात पडणारा फुकट पावडरचा डबा ही भेट नसते. जागतिक आरोग्य सभेने १९८१मध्ये संमत केलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेत आईला असे नमुने देऊ नयेत आणि बाटल्या-बोंडांचीसुद्धा जाहिरात करू नये असं म्हटलेलं आहे. वरच्या दुधाचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. घरात डबा आहे, हे त्याचं कारण नसावं.

चोखणी द्यायची असेल तर पाजणं नीट जमल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी. एकसंध घडणीची, तोंडात न जाणारी रुंद तबकडी आणि हवेची छिद्रं असलेली. गळ्यात दोरी बांधून कधीच नाही. मध भरलेली चोखणी तर घरातही आणू नका. वर्षाखालच्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाचा गंभीर आजार होऊ शकतो.

## ७. अंघोळ

साधं टब किंवा मोठं घमेलं, दोन मऊ पंचे, बिनवासाचा सौम्य साबण. संपलं. नाळ गळेपर्यंत ओल्या कापडाने पुसा. पाणी ३७-३८ अंश, आधी कोपर बुडवून बघा. पाण्यात बसवायची खुर्ची घेऊ नका. तिच्यामुळे मोठ्यांना वाटतं की बाळ सुरक्षित आहे, आणि ते क्षणभर वळतात. बाळ पाण्यात असताना एक हात सतत त्याच्यावर हवा. टाल्कम पावडर नको, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. कानात कापसाची काडी घालू नका.

## ८. औषधांचा डबा

डिजिटल थर्मामीटर सगळ्यात आधी. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर घरी औषध न देता लगेच डॉक्टरकडे जायचं. कपाळावर चिकटवायच्या पट्ट्या अचूक नसतात, पाऱ्याचा थर्मामीटर फुटतो.

नाकासाठी सलाइन थेंब आणि रबरी पिचकारी, औषध मोजायला मिलिलिटरची खूण असलेली सिरिंज, नखांना मऊ कानस. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. अंगावर पिणाऱ्या बाळांना साधारणपणे रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक दिली जातात. वेगवेगळ्या कंपन्यांचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून एकाचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नका.

दात येताना बेन्झोकेनचं (हिरड्या बधिर करणारं) जेल नको. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटू शकते. दात येताना गळ्यात घालतात त्या अंबरच्या (कठीण झालेल्या राळेच्या मण्यांच्या) माळाही नकोत, गळा आवळायचा आणि मणी घशात जायचा असे दोन्ही धोके असतात. स्वच्छ, गार ओलं कापड चावायला द्या. दुकानातली सर्दी-खोकल्याची औषधं दोन वर्षांखाली आपल्या मनाने देऊ नयेत.

## ९. बाहेर जाण्याचं सामान

घरी गाडी असेल तर मागे तोंड असलेली सीट बाळ दवाखान्यातून निघण्याआधी बसवलेली हवी, आणि ती एकदा सराव म्हणून बसवून बघितलेली हवी. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. मागे तोंड असलं की धक्क्याचा जोर पाठ आणि डोकं यांवर पसरतो. युरोपच्या आर१२९ मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणं बंधनकारक आहे, पण सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवणं चांगलं.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. पट्ट्या सैल राहतात: खांद्यापाशी चिमटीत घडी पकडता आली तर अजून आवळा. जाड कोट घालून बसवतात: धडकेत कोट दबतो आणि पट्टी सैल होते. कोट काढा, पट्ट्या लावा, मग वरून पांघरा. मागे तोंड असताना खांद्याची पट्टी खांद्याच्या पातळीवर किंवा जराशी खाली हवी. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे कधीच नाही.

स्ट्रोलर थांबून घेतला तरी चालतो. तान्ह्या बाळासाठी पूर्ण सपाट होणारा हवा, पाच टोकांचा पट्टा आणि एका पायाने लागणारा ब्रेक हवा. दुकानात घडी घालून उचलून बघा, एका हाताने. हँडलला जड पिशवी टांगली की तो मागे उलटतो. उन्हात त्याच्यावर दुपटं टाकू नका, आतली हवा फार लवकर तापते.

कॅरियर घट्ट हवा, बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा, मान वाकवली की कपाळाचा मुका घेता आला पाहिजे, हनुवटी आणि छाती यांत एका बोटाची जागा हवी, आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर. पिशवीसारख्या झोळीत बाळ गोल वाकून हनुवटी छातीला टेकते, चार महिन्यांखाली ती विशेष धोक्याची.

## १०. सहा महिन्यांनंतर

उंच खुर्ची बाळ आधाराने नीट बसायला लागल्यावर घ्या. पाय टेकायची फळी, रुंद पाया, पट्टे, आणि पुसून निघणारे कोपरे बघा. शिवलेली जाड गादी दिसायला छान, पण तिच्या शिवणीत अन्न कुजतं. बाळाचं जेवण वाटायचं खास यंत्र लागत नाही.

बाळ रांगायला लागायच्या आधी खेळण्यांपेक्षा कपाटं भिंतीला बांधायचे पट्टे घ्या. जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूने पक्कं केलेलं फाटकच लावा. दाबाने अडकवलेलं फाटक धक्क्याने सुटतं.

खेळणी थोडी पुरतात. नळीची परीक्षा प्रत्येकाला द्या, भेट आलेल्यालाही. बटण बॅटरीची जागा स्क्रूने बंद असलीच पाहिजे. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते, तेव्हा तसा संशय आला तरी लगेच दवाखाना गाठा. पालथं खेळायला फक्त एक चटई लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीत रांगू न लागलेल्या बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं, जागेपणी, असं सांगितलंय. वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नको हेही त्यातच आहे, त्यामुळे ‘शिकवणारी’ ॲप यादीतून काढा.

चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचतं. कॅनडात २००४पासून त्याची विक्री आणि आयात बंद आहे. गळ्यात घालायची तरंगती कडीही नको.

## ११. जुनं आणि भेट आलेलं

कपडे, दुपटी, टब, काचेच्या बाटल्या (बोंडं नवी), पुस्तकं, नळीची परीक्षा पास झालेली खेळणी हे सगळं जुनं बिनधास्त घ्या. कॉट जुनी घेताना वरची मापं तपासा, सगळे स्क्रू मूळचेच आहेत का बघा. गादी खड्डा पडलेली असेल तर नको.

गाडीची सीट जुनी घ्यायची असेल तर ती ज्यांनी वापरली त्यांना तुम्ही ओळखता, तिला अपघात झालेला नाही, तिची मुदत संपलेली नाही, पुस्तिका आणि सगळे भाग सोबत आहेत, एवढं सगळं पक्कं हवं. मुदत सहसा उत्पादनापासून ६ ते १० वर्षांची असते आणि ती तळाशी कोरलेली किंवा चिकटवलेली सापडते. यातल्या एकाचं जरी उत्तर मिळालं नाही तरी ती घेऊ नका.

कुणी ‘काय आणू?’ विचारलं तर स्पष्ट सांगा: पुढच्या मापाचे डायपर, ६८ किंवा ७४ मापाचे कपडे, किंवा आठवड्याभराचं जेवण. संकोच करू नका, विचारणाऱ्यालाही नेमकं सांगितलेलं आवडतं. एकच वस्तू दोनदा आली तर दुसरीचं वेष्टन फोडू नका, पावती असेल तर बदलून घ्या.

तीन महिन्यांनी एकदा सगळं सामान पुढ्यात घ्या. महिनाभरात हात न लागलेलं द्यायला काढा. मात्र मुदत संपलेली किंवा अपघातातली सीट कुणाला देऊ नका. तिचे पट्टे कापा, आवरण काढा आणि अंगावर मोठ्या अक्षरात ‘वापरू नये’ लिहून मगच ती टाकून द्या.